चितारआळी, वखार आणि मिठागर: तळकोकणातल्या बाजारांची फेरी

गुरुवार

तुतारी एक्सप्रेस सावंतवाडी रोडला पोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. हे स्टेशन गावात नाही, मळगावात आहे. तिथून रिक्षा करावी लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यांतलं, म्हणजे शेताच्या लहान तुकड्यांतलं, भात कापून झालं होतं, कुठे कुठे उडवी रचायचं काम चालू होतं. दिवाळीची सुट्टी संपत आलेली, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाड्या सामानाने भरलेल्या आणि सगळ्या मुंबई-पुण्याकडे तोंड करून. आम्ही उलट्या दिशेने.

बरोबर मावशी. आमचं आजोळ वेंगुर्ल्याचं. घर विकलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मावशीचं मालवणी अजून शाबूत आहे, आणि ती या मुलखात असली की दहा वर्षांनी लहान होते. या खेपेला आम्ही ठरवलं होतं की समुद्र वाटेत लागेल तेवढाच बघायचा. बघायचे ते बाजार, आणि बाजारात येणारी वस्तू जिथे बनते त्या जागा. मुंबईत गिरण्या गेल्या, मॉल आले आणि शोभेला एखादी चिमणी राहिली. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, पण तिथे कापूस कधी पिंजला जायचा का हे कुणाला ठाऊक नसतं. म्हटलं, जिथे आळीही जुनी आहे आणि कामही अजून चालू आहे, अशा जागा उरल्यात का ते बघू.

सावंतवाडीची चितारआळी मोती तलावापासून चालत जाण्याएवढी. आळी म्हणावी इतकीच अरुंद. दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावं लागतं आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे दुकानदार सूचना देऊन घेतात. दुकानांपुढे लाकडी फळांच्या परड्या लावलेल्या: हापूस, केळीचा फणा, अर्धा कापलेला फणस, बोंडूला लटकलेली काजूची बी, लाल मिरच्या, कारली. कारल्याच्या पाठीवरच्या एकेक पुटकुळीला रंगाची वेगळी छटा. बाजूला पाट, चौरंग, देव्हारे, भातुकलीचे संच, झोपाळ्याच्या कड्या, आणि डोळे वटारून बघणारी ठकी. ठकी ही आमच्या आजीच्या पिढीतली बाहुली. एकाच लाकडातून घडवलेली, हातपाय न हलणारी. आताच्या मुलींना ती पहिल्यांदा जरा भीतीदायकच वाटते, असं माझं मत. मावशीला ते मान्य नाही.

गर्दी चांगली होती. सुट्टीवर आलेले चाकरमानी परतीच्या आदल्या दिवशी इथे हमखास येतात. शेजाऱ्यांना द्यायला काहीतरी हवं असतं आणि मासे नेता येत नाहीत. पण परड्यांमध्ये नीट बघितलं तर सगळंच इथलं नाही. चकचकीत प्लास्टिकच्या गाड्या, बाहेरगावचे छापील डबे, मशीनवर कापलेल्या पातळ फळीची कोडी, हेही त्याच ओळीत बसलेलं असतं. मावशीने पहिल्याच दुकानात विचारलं, "ह्या हयचा की भायरचा?" दुकानदार हसला. म्हणाला, "जा विचारतास म्हणजे तुमी हयचीच." मग पुढची सगळी फेरी मावशीचा हा एकच प्रश्न पुढे आणि आम्ही मागे.

त्याच माणसाने आम्हाला दुकानामागे नेलं. पुढे विक्री, मागे काम, अशी इथल्या जुन्या घरांची रचना. मागच्या पडवीत एक काका खाली बसून नारळ रंगवत होते. नारळ म्हणजे अर्थात लाकडाचा. शेजारी न रंगवलेल्या फळांचा ढीग, पांढुरका, भुशाने माखलेला. मी एक आंबा उचलला आणि हात वरच गेला. इतकं हलकं लाकूड असेल याची कल्पना नव्हती.

"पांगाऱ्याचो. हलको लागता मा?" काका म्हणाले. "आंब्याचा लाकूड जड जाता. पांगारो कापूक बरो, पण सुकवूक होयो. ओलो घेतलास तर मागाहून चिरता."

पांगारा म्हणजे वसंतात लाल फुलांनी पेटणारं ते झाड. शेताच्या कुंपणाला लावतात, त्यावर मिरवेल चढवतात. त्याचं लाकूड इमारतीला कुचकामी, जळणालाही फारसं बरं नाही, आणि खेळण्याला मात्र अगदी हवं तसं. पिढ्यान् पिढ्या या आळीचं पोट त्या कुचकामी लाकडावर चाललंय.

पलीकडे चरक, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, चालू होता. आता विजेवर फिरतो, पूर्वी दोरीने फिरवायचे. लाखकामाची गंमत इथे जवळून बघायला मिळाली. गोल फिरणाऱ्या लाटण्यावर कारागीर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. ब्रश नाही, भांडं नाही. पहिला थर खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. मग तो केवड्याची वाळलेली पात घेतो आणि फिरत्या लाटण्यावर दाबून धरतो. पातीखालून लाख सरकत जाते, ठिपके मिसळतात, आणि पात उचलली की खाली आरसा. लाल कांडी, मग पिवळी, मग दोन्हींच्या मधे काळी रेघ. लाटणं हातात दिलं तेव्हा ते कोमट होतं.

दुसऱ्या बाजूला मी सवयीने नारळाकडे हात नेला. "रंग ओलो आसा, हात लावू नका," काका वर न बघता म्हणाले.

मावशीने घासाघीस केली ती फक्त बाहेरच्या मालावर. पडवीत बनलेल्या वस्तूंचे सांगितले तेवढे पैसे तिने मुकाट दिले. गणपतीला माटवीत, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीत, टांगायला म्हणून ती लाकडी फळं घेत होती. माटवीला खरी फळंच हवीत, रानातली कवंडळं, ताजी सुपारी, नारळ. पण डोंबिवलीत कवंडळ कुठून आणायचं, हा तिचा सवाल बिनतोड होता.

शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. सकाळी राजवाडा. हा अठराव्या शतकात तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात उभा राहिला. समोरच्या मोती तलावाचं आजचं रूप १८७४ चं. तिकीट काढून दरबार हॉलमध्ये गेलं की सिंहासन, झुंबरं वगैरे आहेच, पण लोक खरे रेंगाळतात ते एका कडेला, जिथे कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवत बसलेले असतात.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत, म्हणजे एकूण १२० पत्ते. मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पत्त्यांची. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या कासवं, परशुरामाच्या परशू. खेळात गंमत अशी की पाच अवतारांत दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत खालचा, तर उरलेल्या पाचांत नेमकं उलट. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करणार, रात्री बसलं तर कृष्णाचा. मी विचारलं, आता खेळतं कोण? रंगवणारा मुलगा म्हणाला, "खेळणारे कमी. फ्रेम करून लावणारेच जास्त." त्याला स्वतःला खेळता येत होतं, आणि त्याने तीन पत्ते मांडून मावशीला दाखवलंही. मावशी पहिल्याच डावात हरली आणि तिथल्या तिथे नियमच चुकीचे ठरवून मोकळी झाली.

ही कला जवळजवळ संपलीच होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफा करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे राहिले होते. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं, एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतलं आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवलं. आज गंजिफाला भौगोलिक मानांकन आहे. राजवाड्याच्या आवारात हॉटेलही चालतं, खोल्यांची सजावट गंजिफाच्या अवतारांवर. राजवाडे पाहायला गेलं की बहुतेक ठिकाणी तलवारी आणि वाघाची कातडी बघून बाहेर पडावं लागतं. इथे दरबारात माणसं कामाला बसलेली आहेत, एवढ्यासाठीसुद्धा तिकीट वसूल.

पत्ता होतो कसा तेही त्या मुलाने सांगितलं. कागदावर कागद चिकटवायचे, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा थर द्यायचा, गोटीने घोटायचं, गोल कापायचं, मग रंग, मग बारीक कुंचल्याने रेषा, शेवटी रोगण. त्याच्यासमोर वामनाचा प्रधान होता. घोड्याचा लगाम काढताना त्याने श्वास रोखून धरला होता. रेघ पुरी झाल्यावर सोडला आणि मगच माझ्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

दुपारी झोप. संध्याकाळी देवळात त्रिपुर पाजळताना पाहिला, दीपमाळेवर तेलाचं ओघळणं आणि खाली पोरांचा दंगा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण पुढचा दिवस मोठा आहे.

शनिवार

सकाळच्या एस.टी.ने वेंगुर्ला. तळवडे, होडावडे, तुळस अशी गावं घेत गाडी जाते. खिडकीतून काजूची कलमं दिसायला लागली की समजायचं, आलं.

वेंगुर्ल्याच्या जुन्या बाजाराला लोक अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. जुन्या बांधणीची इमारत, आणि महत्त्वाचं म्हणजे आत बाजारच भरतो. बायका लाल माठ, वाल, घरची केळी, गावठी अंडी घेऊन बसलेल्या. संध्याकाळी सोनुर्लीची जत्रा, म्हणून केळी आणि नारळाचे भाव चढलेले. एका बाईकडे उकडे तांदूळ होते. मावशीने मुठीत घेऊन वास घेतला, विचारलं, "तुमच्याच शेतातले?" "मगे काय कोणाच्या?" बाई म्हणाली. पिशवी भरली. भाजी विकायला बांधलेल्या जागेत भाजीच विकली जाते, यात खरं तर सांगण्यासारखं काही नसावं. पण जुन्या मंडईत कॉफीची दुकानं थाटलेली शहरात इतकी पाहिली आहेत की इथे मला ते नोंदवावंसं वाटलं.

तिथून डच वखार. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला ठाणं केलं ते मुख्यतः गोव्यातल्या पोर्तुगिजांची कोंडी करण्यासाठी. नाकेबंदीला आलेली जहाजं इथे पाणी आणि शिधा भरून घेत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने हे पाहून लिहून ठेवलं आहे. वखारीच्या भिंती जाड, जांभ्याच्या, बुरुज ठेवून बांधलेल्या. व्यापारी कोठीपेक्षा लहानसा कोटच वाटावा. वास्तू संरक्षित आहे. छप्पर गेलंय, भिंतींतून झाडांची मुळं उतरलीत. मावशीने इथेही विचारलं, "हय कोण करता?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कोण नाय." खरं आहे. उद्या हिची डागडुजी झाली, दिवे लागले, तरी आत काय भरायचं हा प्रश्न राहीलच. मला विचाराल तर वर्षातून चार दिवस का होईना, इथे काजूचा बाजार भरवावा. मालाची कोठी होती, माल येऊ द्या.

बंदरावर मावशी बराच वेळ उभी होती. १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांकडे आलं, आणि बेळगावच्या छावणीचं सामान याच बंदरातून घाट चढून जायचं. कापूस, धान्य उलट वाटेने खाली यायचं. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याला जोडलं गेलं आणि व्यापार तिकडे वळला. तरी मुंबईची बोट येतच राहिली. मावशीच्या लहानपणी बोट बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. "लाटेबरोबर पडाव वर आला की उडी मारायची. चुकलं की पाण्यात. आईने मला एकदा गाठोड्यासारखं फेकलं होतं," ती म्हणाली. पलीकडे नवाबागेचा झुलता पूल आहे, तिथे फोटोसाठी रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो नाही.

जेवणानंतर एका ओळखीने काजूच्या लहान कारखान्यात गेलो. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला सोळाव्या शतकात, आणि आता कोकणाला तो आपलाच वाटतो. वेंगुर्ल्यात १९५७ पासून फळसंशोधन केंद्र आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं तिथलीच, आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. हे सगळं पाकिटावर लिहिलेलं असतं. पाकिटावर लिहिलेलं नसतं ते असं.

वाफवून गार केलेल्या बिया समोर ओतलेल्या असतात. एकेका टेबलाशी एक बाई. टेबलावर दोन पात्यांचा कटर, खाली पायाने दाबायची पट्टी. डाव्या हाताने बी पात्यात धरायची, पायाने पट्टी दाबायची, टरफल उकलतं, टोकदार सुरीने गर बाहेर. डोळ्यांना नीट दिसेपर्यंत पुढची बी पात्यात गेलेली. टरफलात तेल असतं, जहाल. हाताला लागलं की कातडी काळी पडते, सोलते. म्हणून बायका मधून मधून बोटांना गोडं तेल चोपडतात. माझ्याशी बोलणाऱ्या ताईंनी हातमोजे बाजूला काढून ठेवले होते. म्हणाल्या, मोज्याने बी हातात बसत नाही, तुकडा पडतो, आणि तुकड्याचा दर वेगळा. गर मग बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, सुकतो. त्यावरची तांबूस साल नखाने किंवा सुरीने काढतात. शेवटी प्रतवारी. १८०, २१०, २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात साधारण किती गर मावतात ते. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. हे गणित मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दुकानदाराने ३२० म्हटलं की मी आपली ती किंमत समजत असे.

तुकडा काजू घेतला. चवीत काहीच फरक नसतो.

रात्री सोनुर्ली. देवी माउलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरते आणि लोटांगणाची जत्रा म्हणूनच ओळखली जाते. दिवसभर उपास केलेले नवसकरी रात्री देवळाभोवती लोटांगण घालतात. पुरुष जमिनीवर आडवे, बायका उभ्याने. जादा एस.टी. गाड्या सुटतात, त्यातल्या एकीत आम्ही उभ्यानेच गेलो. देवळापासून पार रस्त्यापर्यंत बाजार. खाजं विकणाऱ्यांचे ढीग आधी दिसतात: बेसनाच्या काड्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या, आल्याचा झणका असलेल्या. मग खडखडे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, कासारणींच्या बांगड्या, पत्र्याच्या सुऱ्या-कोयते, फुगे, भजीची हॉटेलं. कोयते विकणाऱ्याने पातं माझ्या नखावर टेकवून धार दाखवली, नको म्हणायच्या आत. आणि एका कोपऱ्यात गोणपाटावर लाकडी भोवरे आणि लाटणी.

मावशीने भोवरा उचलला. "ह्यो खयचो?"

"चितारआळीतलो," पोरगा म्हणाला. "आमीच करतो."

लाखेची लाल-पिवळी रेघ परवा पाहिलेली तीच. लोटांगणं सुरू झाली तसा बाजार थोडा ओसरला, दुकानदारांनीही हात जोडले. गर्दीत आमच्या पुढे उभा असलेला एक माणूस दुबईहून फक्त या रात्रीसाठी आला होता आणि सोमवारी परत जाणार होता. हे त्याने न विचारताच सांगितलं, आणि जवळच्या दोघाचौघांना त्यात काही नवल वाटलं नाही.

रविवार

झोप अपुरी. तरी शिरोड्याला गेलो, कारण मिठागर राहिलं होतं. शिरोडं त्या काळी इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. एका बाजूला सावंतवाडी संस्थान, दुसऱ्या बाजूला पोर्तुगिजांचा गोवा. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक आले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या. शाळेत दांडीयात्रा पाठ असते, शिरोडं धड्यात दोन ओळींत संपतं.

नोव्हेंबरात मीठ दिसत नाही. पावसाने फुटलेले बांध घालायचं आणि वाफ्यांचा तळ मळून घट्ट करायचं काम असतं; तळ सैल राहिला तर पुढे मिठात माती येते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, आणि उन्हाळ्यात फळीने ओढून ढीग लावायचे. चिखलात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मावशीने तिचा प्रश्न विचारला नाही. उत्तर समोरच होतं. त्यांनीच विचारलं, "मीठ होया? गेल्या सालचा आसा." मिठाचे खडे मोठे, किंचित करडे. लोणच्याला आणि मासे खारवायला हेच लागतं, असं मावशी म्हणते, आणि बाबा जोरात मान हलवतात.

गोणी पंचवीस किलोची. त्याहून लहान माप नव्हतं. एस.टी.त ती चढवताना कंडक्टरने हिचं सामानाचं तिकीट पडेल म्हणून सांगितलं. मावशीने सांगितलं की सुटं मीठ लोकांनी पिशवीतून न्यायचं की नाही यावरून याच गावात एकदा केवढं रामायण झालंय ते आधी वाच. गाडी हसली. तिकीट मात्र कंडक्टरने फाडलंच.